पहिला रविवार बदलाचा, दुसरा धास्तीचा: फ्रान्समध्ये राष्ट्राध्यक्ष कसा निवडतात

भारतातून हमखास येणारा प्रश्न असा: फ्रेंच माणूस बारा महिने सरकारवर उखडलेला, संप आणि मोर्चे सुरूच, मग निवडणुकीत सगळं उलथून टाकू म्हणणारा उमेदवार शेवटी का पडतो? याचं उत्तर लोकांच्या स्वभावापेक्षा मतदानाच्या पद्धतीत जास्त सापडतं. आपल्याकडे राग आणि भीती एकाच बटणात दाबून मोकळं व्हावं लागतं. इथे फ्रान्समध्ये दोन रविवार मिळतात, मध्ये १४ दिवसांचं अंतर. पहिल्या फेरीत निवडायचं आणि दुसऱ्या फेरीत बाद करायचं, हे इथलं जुनंच म्हणणं आहे.

उभं राहायला निदान ५०० लोकप्रतिनिधींच्या सह्या लागतात. त्या किमान ३० जिल्ह्यांतल्या हव्यात आणि एका जिल्ह्यातल्या ५० पेक्षा जास्त धरल्या जात नाहीत. एवढी चाळण असूनही दहा-बारा उमेदवार सहज उरतात. निम्म्याहून जास्त मतं कुणालाच पडली नाहीत तर पहिले दोघे पुढे जातात. १९६५ पासून थेट निवडणूक होते आहे, पण पहिल्याच फेरीत बाजी मारणं अजून कुणाला जमलेलं नाही.

मतदान यंत्र बहुतेक ठिकाणी नाही. टेबलावर प्रत्येक उमेदवाराच्या नावाची वेगळी चिठ्ठी असते. लिफाफा घ्यायचा आणि निदान दोन चिठ्ठ्या उचलायच्या, कारण एकच उचलली तर मत तिथेच उघड होतं. मग पडद्याआड जाऊन एक चिठ्ठी लिफाफ्यात घालायची, लिफाफा पारदर्शक पेटीत टाकायचा आणि यादीत सही करायची. दोन वेगळ्या नावांच्या चिठ्ठ्या गेल्या किंवा चिठ्ठीवर काही खरडलं, तर मत बाद. रिकामा लिफाफा कोरं मत धरतात. कोऱ्या मतांची मोजणी वेगळी होते, पण टक्केवारीत ती धरत नाहीत. म्हणजे आपल्या ‘नोटा’सारखंच, नोंद होते आणि निकाल हलत नाही.

पहिल्या फेरीत मन मोकळं करता येतं असं वाटतं खरं, पण तिथेच पाय घसरतो. २००२ साली १६ उमेदवार होते. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष, उजवे शिराक आणि डावे पंतप्रधान जोस्पँ हेच दोघे पुढे जाणार हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. म्हणून डाव्या मतदारांनी जोस्पँना जरा धडा शिकवायला मतं इतर उमेदवारांत इकडेतिकडे वाटली: शव्हेनमाँ यांना ५.३३ टक्के, तोबिरा यांना २.३२ टक्के. चारातले एकाहून जास्त मतदार तर फिरकलेच नाहीत. जोस्पँ १६.१८ टक्क्यांवर अडकले आणि अतिउजवे ज्याँ-मारी ले पेन १६.८६ टक्क्यांनी दुसरे आले. फरक दोन लाखांच्याही आत. मग ५ मे रोजी डाव्यांनी नाक दाबून शिराकना मत दिलं आणि शिराक ८२.२१ टक्क्यांनी निवडून आले.

तेव्हापासून पहिल्या रविवारीही आकडेमोड चालते. आवडता उमेदवार पाच टक्क्यांवर असेल, तर त्यातल्या त्यात जवळचा आणि पुढे जाऊ शकेल असा शोधतात. याला इथे ‘उपयोगी मत’ म्हणतात. २०२२ मध्ये डाव्यांचं असं मत जहाल डावे नेते मेलाँशाँ यांच्याकडे वळलं. तरी ते २१.९५ टक्क्यांवर थांबले आणि ज्याँ-मारी यांची मुलगी मारीन ले पेन २३.१५ टक्क्यांनी पुढे गेल्या. कम्युनिस्ट उमेदवाराला मिळालेली सुमारे आठ लाख मतं त्या फरकाच्या जवळजवळ दुप्पट होती. यावरून डाव्यांच्या घरांत अजून भांडणं होतात.

दुसऱ्या फेरीत बदल हवा की नको हा मुद्दा मागे पडतो आणि ‘हा आला तर माझं काय जाईल?’ हे पुढे येतं. २०१७ मध्ये मारीन ले पेन युरो सोडायचं म्हणत होत्या. आयुष्यभराची बचत युरोत ठेवलेल्या पेन्शनरला त्यात स्वाभिमान दिसत नव्हता, पुस्तकातली शिल्लक घटताना दिसत होती. त्यात ३ मेच्या टीव्हीवरच्या वादात त्यांनी अल्स्तॉम आणि एसएफआर या दोन वेगळ्याच कंपन्यांच्या प्रकरणांची गल्लत केली. त्यांच्यासमोरच्या मॅक्रॉन यांना ६६.१० टक्के मतं मिळाली. २०२२ पर्यंत युरो सोडण्याचा विषय गुंडाळला गेला होता. त्याऐवजी इंधन आणि विजेवरचा व्हॅट २० वरून ५.५ टक्क्यांवर आणू, असं घरखर्चाचं बोलणं सुरू झालं. शिवाय झेमूर यांच्यासारखा आणखी कडवा उमेदवार शेजारी उभा राहिल्याने त्या आपोआप मवाळ वाटू लागल्या. ३३.९० टक्क्यांवरून त्या ४१.४५ वर गेल्या. पक्ष तोच, चेहरा तोच. धास्ती तेवढी कमी झाली.

बदल विकण्याची ही खुबी १९८१ मध्ये समाजवादी नेते मित्तराँ यांनी दाखवून दिली होती. बँकांचं राष्ट्रीयीकरण, फाशी रद्द, कम्युनिस्टांशी सोबत असा त्यांचा कार्यक्रम खरोखर जहाल होता. पण भित्तिपत्रकावर मात्र शांत चेहरा, मागे खेडं आणि चर्च. घोषणा होती ‘शांत शक्ती’. ते ५१.७६ टक्क्यांनी निवडून आले. माझ्या मते फ्रान्समध्ये त्याहून हुशार प्रचार झालेला नाही.

सावध मतदाराकडे आणखी एक ब्रेक असायचा. २००२ ते २०२२ या काळात राष्ट्राध्यक्षाच्या निवडीनंतर काही आठवड्यांत संसदेची निवडणूक व्हायची. २०२२ मध्ये लोकांनी मॅक्रॉनना पुन्हा बसवलं आणि जूनमध्ये ५७७ पैकी २४५च जागा देऊन त्यांचे हात बांधले.

पुढची निवडणूक २०२७ मध्ये आहे. सलग दोनच कारकिर्दींची मर्यादा असल्याने मॅक्रॉन उभे राहू शकत नाहीत. पहिल्या फेरीच्या रात्री ८ वाजता टीव्हीवर अंदाज येतील, तेव्हा पहिला कोण यापेक्षा तिसरा कोण आणि किती मतांनी हुकला ते पाहा. मग हरलेले काय सांगतात ते नीट ऐका. २०२२ मध्ये मेलाँशाँ यांनी ‘ले पेनना एकही मत देऊ नका’ असं पुन्हापुन्हा बजावलं, पण मॅक्रॉनना द्या असं म्हटलं नाही. त्यांचे बरेच मतदार दुसऱ्या रविवारी घरी राहिले, नाहीतर कोरं मत टाकून आले.