न संपलेली गोष्ट वाचायला का सांगते?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एरवी हा विषय मी स्वतःहून काढत नाही, कारण एकदा काढला की आवरत नाही आणि समोरचा माणूस घड्याळ बघायला लागतो. प्रश्न नेहमीचाच असतो: "ती 'हंटर × हंटर' 1998 पासून चालू आहे, मधेच वर्षानुवर्षं बंद पडते, शेवटाचा पत्ता नाही. तरी मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, म्हटलं की तू तीच का गळ्यात मारतेस?"

सुरुवात तशी ठरलेलीच आहे. बारा वर्षांचा गॉन, त्याला लहानपणीच सोडून हंटरगिरी (दुर्मिळ गोष्टींच्या शोधात फिरायचा परवानाधारक धंदा) करायला गेलेला बाप जिंग, आणि बापाला शोधायचं म्हणून हंटरची परीक्षा द्यायला निघालेलं पोर. मारेकऱ्यांच्या घराण्यातून पळून आलेला किलुआ वाटेत भेटतो आणि दोस्ती जमते. शोनेन म्हणजे मूळ पोरांसाठीचा प्रकार, त्यामुळे जिद्द, दोस्ती, स्पर्धा हा माल इथेही भरलेला आहे.

फरक मला पहिल्यांदा जाणवला तो परीक्षेच्या शेवटच्या फेरीत. नियम असा, की समोरच्याच्या तोंडून 'हरलो' वदवून घ्यायचं, आणि तो मेला तर तुम्ही बाद. हान्झो नावाचा निन्जा गॉनला तासन्‌तास बदडतो, हात मोडतो. पोरगा ऐकत नाही. शेवटी हान्झो पातं काढून पाय तोडायची धमकी देतो, तर गॉन म्हणतो, पाय तोडलेले मला नको आहेत आणि हार पण मानायची नाही, दुसऱ्या कुठल्या तरी प्रकारे लढू! बघणाऱ्यांना हसू फुटतं. हान्झो वैतागून स्वतःच हार मानतो. गॉनमध्ये कुठलीही सुप्त शक्ती जागी होत नाही. तो फक्त नियमाच्या फटीत जाऊन बसतो.

लेखक-चित्रकार योशिहिरो तोगाशींची खरी करामत हीच आहे. पुढे 'नेन' येतं, म्हणजे शरीरातली ऊर्जा वापरायची विद्या, आणि तिथे तर प्रत्येक ताकदीला किंमत आहे. स्वतःवर जितकी कडक अट घालाल तितकी ताकद वाढते. आपल्या जमातीचं शिरकाण करणाऱ्या टोळीवर सूड घ्यायला निघालेला कुरापिका अशी साखळी तयार करतो, की ती त्या टोळीपुरतीच चालेल. दुसऱ्या कुणावर वापरली तर तो स्वतः मरेल. पुढे त्याच्या आणखी एका शक्तीचा हिशेब कळतो: वापराच्या एका सेकंदाला आयुष्यातला एक तास वजा. त्यामुळे मारामारी चालू असताना आपण कोण जोरात ओरडतंय ते बघत नाही, कोणाच्या खात्यात किती उरलंय ते मोजत बसतो.

राक्षसी मुंग्यांच्या राजाचं प्रकरण तर मी दरवर्षी काढून बसते. राजा मेरुएम माणसं खाणारा, आणि बुद्धीच्या जोरावर एकेका खेळातल्या विजेत्याला हरवत सुटलेला. तो 'गुंगी' नावाच्या पटावरच्या खेळात अडकतो ते कोमुगी नावाच्या आंधळ्या, शेंबड्या मुलीपुढे. ती हरतच नाही. तिकडे राजवाड्यावर हंटरांचा हल्ला, मोजक्या मिनिटांचा प्रसंग कित्येक प्रकरणं ताणलेला, आणि आपलं लक्ष मात्र पटावर. त्याच काळात गॉन रागाने इतका आंधळा होतो की पुढचं सगळं आयुष्य गहाण टाकून एका झटक्यात ताकद विकत घेतो. आपला लाडका नायक इतका भेसूर दिसलेला मी दुसऱ्या कुठल्या शोनेनमध्ये पाहिलेला नाही.

आणि नेमकं इथेच माझं भांडण आहे. इतकी किंमत मोजून मरणाच्या दारात पडलेल्या गॉनला वाचवायला किलुआची बहीण अलुका येते. तिच्यातली शक्ती इच्छा पुरवते, पण बदल्यात भयंकर मागण्या करते. फक्त किलुआने हुकूम केला तर काहीच मागत नाही! गॉनचं नेन जातं, दोघं दोस्त वेगळे होतात, हे सगळं मान्य. तरी ज्या लेखकाने पै न्‌ पै वसूल करायची सवय लावली, त्याने ऐन वेळी उधारी माफ केली, हे मला अजून पचत नाही.

बाकीचे दोषही सांगून टाकते. हिसोका नावाच्या खुनशी लढवय्याची बारा वर्षांच्या पोरावरची नजर किळसवाणी आहे आणि लेखक ती विनोदावारी नेतो. चित्रं काही वेळा साप्ताहिकात चक्क कच्च्या पेन्सिलीत छापून आली. पुस्तकाचे खंड काढताना ती सुधारली, पण तेव्हाच्या वाचकांचा संताप रास्त होता. आणि सध्याचं जहाज! अज्ञात खंडाकडे निघालेली प्रचंड बोट, तिच्यावर गादीसाठी चौदा भावंडांची जीवघेणी भाऊबंदकी, प्रत्येकाचे अंगरक्षक, प्रत्येकाचं नेन. एकेका पानावर इतका मजकूर की चित्राला जागा उरत नाही. नियमांचं वेड हे या मालिकेचं बळ होतं, तेच इथे डोक्यावर बसलंय.

मालिका मधेच बंद पडते त्याबद्दल मात्र मी तोगाशींना बोल लावत नाही. 2018 ते 2022 जवळजवळ चार वर्षं काहीच आलं नाही, तेव्हा चाहत्यांनी आळशी म्हणून घेतलं. मग त्यांनीच सांगितलं की पाठीच्या दुखण्यामुळे दोन वर्षं खुर्चीवर बसून चित्रं काढताच येत नव्हती. दर आठवड्याला एकोणीस-वीस पानं मागणारा हा धंदा माणसाला कुठे नेतो ते त्यात दिसतं. 2024 च्या शेवटी 401 ते 410 ही प्रकरणं आली, तीही मोठ्या विश्रांतीनंतर.

तर वाचायचं कसं? बत्तिसाव्या खंडापर्यंत जा. तिथे गॉनला बाप भेटतो आणि त्याची गोष्ट एका अर्थी पुरी होते. 2011 ते 2014 ची 148 भागांची अ‍ॅनिमे मालिकाही तिथेच थांबते, वाचायचा कंटाळा असेल तर ती बघा. पुढे जहाजावर चढायचंच असेल तर वही-पेन घेऊन बसा, आणि कृपा करून त्या चौदांपैकी कुणाला लगेच लाडकं करून घेऊ नका.