फोटो-फिनिशच्या चित्रात न उमटलेला धक्का

भुवनेश्वरच्या कलिंगा स्टेडियमवर ६ ते ९ जुलै २०१७ या काळात झालेल्या आशियाई ॲथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धेत मी फोटो-फिनिश कक्षात तांत्रिक अधिकारी म्हणून काम केले. शेवटच्या दिवशीची महिलांची ८०० मीटर शर्यत आजही माझ्या मनातून गेलेली नाही. ही स्पर्धा मुळात रांचीला व्हायची होती. रांचीने माघार घेतल्यावर ओडिशाने ती स्वीकारली आणि अवघ्या तीन महिन्यांत मैदान सज्ज केले. त्या कामाचे कौतुक करावे तेवढे थोडेच आहे.

आमच्या कामाविषयी लोकांचा एक गैरसमज असतो. फोटो-फिनिशचे चित्र म्हणजे शर्यतीचा फोटो नव्हे. हा कॅमेरा केवळ अंतिम रेषेची एक अरुंद उभी चीर पाहतो, सेकंदाला हजाराहून अधिक वेळा पाहतो आणि त्या चिरा शेजारीशेजारी मांडून चित्र तयार करतो. त्यामुळे त्यात डावीकडून उजवीकडे अंतर नसते, वेळ असते. रेषेवर पाय टेकलेल्या धावपटूचे पाऊल म्हणूनच पाटासारखे लांबलचक दिसते. पट्ट्यांच्या पांढऱ्या रेषा अंतिम रेषेला जिथे मिळतात ती जागा काळी रंगवलेली असते, कारण कॅमेरा नेमका रेषेवर बसला आहे की नाही हे त्यावरूनच कळते. डोके, मान, हात, पाय काहीही आधी आले तरी ते मोजायचे नसते. धडाची पुढची कड ज्या क्षणी रेषेवर येते त्या क्षणावर कर्सर ठेवायचा, आणि वेळ नेमक्या शतांशावर येत नसेल तर पुढचा शतांश धरायचा. हे वाचन शांतपणे, कुणाच्याही आरडाओरड्याकडे लक्ष न देता करावे लागते, आणि ते तसे करता येते याचा मला अभिमान आहे.

त्या शर्यतीत २०१५ ची विजेती टिंटू लुका अंतर पूर्ण करू शकली नाही. शेवटच्या सरळ टप्प्यात महाराष्ट्राची अर्चना आढाव आणि श्रीलंकेच्या दोघी यांच्यात चुरस झाली आणि अर्चना पहिली आली. आमचे वाचन मुळीच अवघड नव्हते. अर्चना २ मिनिटे ५.०० सेकंद, निमाली वालिवर्षा २ मिनिटे ५.२३ सेकंद. तेवीस शतांश म्हणजे त्या वेगाला साधारण दीड मीटर. दुसऱ्यांदा पाहण्याची गरजही भासू नये इतके स्वच्छ चित्र होते. प्रेक्षागृहात जल्लोष सुरू झाला आणि सुवर्णपदकाची बातमी घरोघर पोहोचली.

त्यानंतर श्रीलंकेने तक्रार केली. पुढे जाताना अर्चनाने निमालीला मागून धक्का दिला, असे त्यांचे म्हणणे होते. ते मान्य झाले, अर्चना अपात्र ठरली, आणि सुवर्ण निमालीला, रौप्य तिचीच सहकारी गायंतिका अबेरत्ने हिला, तर कांस्य जपानच्या फुमिका ओमोरीला मिळाले. खंडीय विजेत्याला पुढच्याच महिन्यात लंडनच्या जागतिक स्पर्धेचे दार उघडत असल्यामुळे केवळ एका पदकापुरता हा प्रश्न नव्हता.

‘तुमच्या कॅमेऱ्यात तर ती पहिली होती ना?’ असे मला आजही विचारले जाते. होती, यात शंकाच नाही. पण रेषेच्या अलीकडे एका हातावर काय घडले हे त्या चिरेला दिसतच नाही. ते पाहण्यासाठी वळणांवर आणि सरळ टप्प्यावर पंच उभे असतात, नियमभंग दिसताच पंचांनी उंचावायचे पिवळे निशाण असते, चित्रफीत असते. निकाल अधिकृतपणे जाहीर झाल्यापासून तीस मिनिटे तक्रारीसाठी राखून ठेवलेली असतात, ती याच कारणासाठी. आपल्या मुलीवर अन्याय झाला असे म्हणणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी धक्काबुक्कीचा नियम वाचलेला असतो. घरच्या मैदानावर यजमानांच्या विरुद्ध निर्णय देणे सोपे नसते. तो दिला गेला याचा मला आदर वाटतो. अर्चनासाठी मात्र जीव हळहळतो, कारण तिचे पाय खरोखरच वेगवान होते.

त्याच संध्याकाळी नीरज चोप्राने शेवटच्या फेकीत ८५.२३ मीटर भाला फेकून सुवर्ण मिळवले, आणि १२ सुवर्णांसह २९ पदके घेऊन भारत प्रथमच, चीनलाही मागे टाकून, तक्त्यात अव्वल ठरला. त्या तक्त्यालाही पुढे कात्री लागली; गोळाफेकीत पहिल्या आलेल्या मनप्रीत कौरचे सुवर्ण उत्तेजक चाचणीमुळे गेले.

निवेदकांबद्दलची माझी तक्रार तेव्हापासून कायम आहे. आमच्या कक्षातून गेलेला क्रम पडद्यावर झळकताच ते विजेत्याचे नाव पुकारतात आणि खेळाडूच्या खांद्यावर तिरंगा येतो. मध्यम अंतराच्या शर्यतीत पंचप्रमुखाची संमती येईपर्यंत एवढी घाई करू नये, असे मी प्रत्येक स्पर्धेच्या आधीच्या बैठकीत सांगतो. बैठकीत सगळे मान डोलावतात, आणि पहिल्याच शर्यतीला नाव पुन्हा पुकारले जाते.