गाडी कधीची आणि उभी किती असते?

पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलने (म्हणजे अल्कोहोलने) गाडी बिघडते का, असं कुणी विचारलं की मी आधी दोनच गोष्टी विचारते. गाडी कधीची आहे, आणि ती एका जागी किती दिवस उभी असते? मी रसायनशास्त्र शिकवते. बाबांची कार्ब्युरेटरची (हवा आणि पेट्रोल यांत्रिक पद्धतीने मिसळणारी) जुनी गाडी मी अजून चालती ठेवली आहे, आणि रोजच्या कामाला इंजेक्शनवाली (पेट्रोल मोजून फवारणारी) नवी गाडी आहे. दोन्हींत पेट्रोल एकच जातं, पण ते दोघींना सारखं मानवत नाही. म्हणूनच ‘इथेनॉल म्हणजे इंजिनाला विष’ आणि ‘काहीही फरक पडत नाही’ ही दोन्ही ठाम वाक्यं ऐकली की मला गप्प बसवत नाही.

पाण्यापासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच आहे. विद्यार्थ्यांना मी एक साधा प्रयोग दाखवते. १०० मिलिलिटरचं बूच असलेलं मोजपात्र घ्यायचं, त्यात १० मिली पाणी घालायचं आणि शाईच्या थेंबाने ते निळं करायचं. वर ९० मिली पेट्रोल. बूच लावून हलवायचं, अधूनमधून बूच सैल करून वाफ सोडायची आणि मग पात्र स्थिर ठेवायचं. (उघड्यावर, हातमोजे घालून, आसपास ठिणगीसुद्धा नको.) पेट्रोलमध्ये इथेनॉल नसेल तर निळ्या थराची रेघ १० वरच राहते. मिश्रणात २० टक्के इथेनॉल असेल तर ती वर वर चढत २५ च्या आसपास जाते. पाणी वाढलेलं नसतं, पेट्रोलमधलं इथेनॉल वरचा थर सोडून पाण्यात उतरलेलं असतं. वर्गात दरवेळी कुणीतरी वाकून रेघ पुन्हा वाचतं, इतकं ते अनपेक्षित दिसतं.

टाकीत हेच होऊ शकतं, पण लगेच होत नाही. थोडं पाणी मिश्रणात विरघळून राहतं. १० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल १५ अंश सेल्सिअसला साधारण अर्धा टक्का पाणी सामावून घेतं, म्हणजे ४० लिटरच्या टाकीत जवळपास २०० मिली. तेवढं पाणी इंधनासोबत जळायला जातं आणि गाडीला कळतही नाही. साध्या पेट्रोलमध्ये पाणी जवळपास विरघळतच नाही, ते तळाशी साचून टाकी गंजवतं. म्हणजे रोज चालणाऱ्या गाडीत इथेनॉल टाकी कोरडी ठेवायला मदतच करतं. अडचण येते ती मर्यादा ओलांडल्यावर, किंवा थंडी वाढून ती मर्यादाच खाली आल्यावर. मग पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतात, आणि पंप नेमका तळातूनच इंधन ओढतो. वरच्या थरातलं इथेनॉल गेल्यामुळे त्याचा ऑक्टेनही, म्हणजे दाबाखाली अवेळी न पेटण्याची ताकदही, घसरलेला असतो. बंद टाकीत नुसत्या हवेतल्या दमटपणाने हे व्हायला बराच काळ लागतो. बहुतेक वेळा झाकणाचं रबर गेलेलं असतं, किंवा पेट्रोलपंपाच्या साठवणीच्या टाकीतूनच पाणी आलेलं असतं. आधी झाकण तपासा.

आता मायलेज. इथे लपवण्यासारखं काही नाही, आणि कुणी लपवूही नये. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाजूल ऊर्जा असते, तर एक लिटर इथेनॉलमध्ये २१. २० टक्क्यांच्या मिश्रणाचा हिशेब मांडला की २९.८ येतात, म्हणजे लिटरमागे सुमारे ७ टक्के ऊर्जा कमी. १० टक्क्यांत ही घट साडेतीनच्या आत राहते. इंजिन या मिश्रणासाठी बनवलेलं असेल तर त्यातला काही भाग भरून निघतो, कारण इथेनॉलचा ऑक्टेन १०८ च्या आसपास असतो, नेहमीच्या पेट्रोलचा ९१ ते ९५. शिवाय वाफ होताना इथेनॉल पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता ओढून घेतं, त्यामुळे आत येणारी हवा थंड राहते. कॉम्प्रेशन रेशो (इंजिन मिश्रण किती दाबतं ते प्रमाण) वाढवला आणि इग्निशन टायमिंग पुढे घेतलं, म्हणजे ठिणगी थोडी लवकर पाडली, तर या गुणाचं सोनं होतं. पण जुन्या, कमी कॉम्प्रेशनच्या इंजिनाला जास्तीच्या ऑक्टेनचा उपयोग नाही. त्याच्या वाट्याला फक्त घट येते. नॉकिंग (इंधन अवेळी पेटून होणारी ठकठक) होत असेल तर ती थांबल्याचं समाधान काय ते.

नव्या गाडीत एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर जळून उरलेला ऑक्सिजन सतत पाहत असतो. शुद्ध पेट्रोलला एक किलोमागे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९, आणि २० टक्के मिश्रणाला साधारण १३.५. मिश्रणात इथेनॉल वाढलं की सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो आणि ईसीयू (इंजिनाचा संगणक) इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवतो. स्कॅनर लावला की ही दुरुस्ती ‘फ्युएल ट्रिम’ या नावाने आकड्यात दिसते. कार्ब्युरेटरला असे डोळे नाहीत. जेट म्हणजे पेट्रोल जाण्याची बारीक तोटी, तिचं भोक जेवढं तेवढंच पेट्रोल जाणार. त्यामुळे बाबांच्या गाडीचं मिक्स्चर आठेक टक्क्यांनी लीन झालं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडलं. थंड इंजिन चोक ओढल्याशिवाय सुरूच होईना, आणि मध्यम वेगात ती हलके हलके हिसके देऊ लागली. मेन जेट थोडा मोठा बसवल्यावर ती पुन्हा सरळ चालली.

तिच्या रबराचं मात्र नुकसान झालं, आणि ते मी हातात धरून पाहिलं आहे. टाकीकडून पंपाकडे येणारा होज वरून ठीक दिसत होता. क्लिप सैल करून ओढला तर टोक फुगून मऊ झालेलं, दाबलं की बोट रुतत होतं आणि बोटाला काळं लागत होतं. फ्लोट चेंबरच्या (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या वाटीच्या) तळाशी पांढुरकी पूड साचली होती, ती धातूच्या गंजाची. कारण सरळ आहे. इथेनॉल ध्रुवीय द्रावक आहे. नैसर्गिक रबर, कॉर्क आणि जुन्या काळचे काही प्लास्टिकचे भाग ते फुगवतं किंवा ठिसूळ करतं. ते वीजही पेट्रोलपेक्षा बरीच जास्त वाहून नेतं, त्यामुळे दोन वेगळे धातू जिथे एकमेकांना टेकतात तिथे गंज लवकर धरतो. फ्लुओरोइलास्टोमरचे (एका खास कृत्रिम रबराचे) होज आणि सील हे सहन करतात. मी सगळे होज बदलले, पंपाचा डायफ्रामही. होज फुटून गरम इंजिनावर पेट्रोल गळणं हा मायलेजचा प्रश्न नाही, जिवाचा आहे. जुनी गाडी असलेल्या प्रत्येकाने बाकी काही नाही केलं तरी होज बदलावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

गाडीच इथेनॉलसाठी बनवली तर काय होतं हे ब्राझीलने केव्हाच दाखवून दिलं आहे. तेलसंकटानंतर १९७५ मध्ये त्यांनी अल्कोहोल इंधनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, १९७९ मध्ये निव्वळ इथेनॉलवर चालणारी फियाट १४७ बाजारात आली, आणि १९८० च्या दशकात विकल्या जाणाऱ्या बहुतेक नव्या गाड्या इथेनॉलवरच्या होत्या. गारठ्यात इथेनॉलची वाफ पुरेशी होत नाही, म्हणून स्टार्ट करण्यापुरती पेट्रोलची छोटी वेगळी टाकी बॉनेटखाली असायची. दशक संपताना इथेनॉलचा तुटवडा झाला, पंपावर रांगा लागल्या आणि लोकांचा विश्वास उडाला. तो परत यायला २००३ ची फ्लेक्स-फ्युएल गाडी (पेट्रोल, इथेनॉल किंवा दोन्हींचं मिश्रण, काहीही चालणारी) यावी लागली, कारण तिच्यात काय भरायचं हे चालवणारा ठरवू शकत होता.

मला यातली निवडीची बाजू सर्वांत महत्त्वाची वाटते. मिश्रणाला माझा विरोध नाही, इथेनॉल स्वच्छ जळतं आणि पुन्हा पिकवता येतं. पण टक्केवारी प्रत्येक नोझलवर मोठ्या अक्षरांत लिहिलेली हवी, ऊर्जा कमी तर लिटरचा दरही त्या प्रमाणात कमी हवा, आणि जुन्या गाड्यांसाठी कमी इथेनॉलचं पेट्रोल मिळत राहायला हवं. ज्याची गाडी पंधरा-वीस वर्षांची आहे, त्याला नवी घेणं परवडत नाही म्हणूनच ती बहुतेकदा जुनी असते.

तोवर जुन्या गाडीवाल्यांनी निदान एवढं करावं. महिनोन्‌महिने उभी ठेवायची असेल तर टाकी काठोकाठ भरा, म्हणजे आत दमट हवेला जागा उरत नाही, आणि फ्लोट चेंबर रिकामा करून ठेवा. जास्त इथेनॉलचं पेट्रोल पहिल्यांदा भरल्यावर फ्युएल फिल्टर लवकर बदला. टाकीत वर्षानुवर्षं चिकटलेला गाळ इथेनॉल सोडवून आणतं, आणि तो सगळा त्या पहिल्या फिल्टरमध्ये येऊन अडकतो.