तीन गाड्या आणि एक ड्रम: इंजिन ऑइल निवडण्याचा माझा अनुभव

इंदूरमधील आमच्या घरच्या व्यवसायात तीन मालट्रक आहेत. पहिला २०१२ सालचा, बीएस-३ (भारत स्टेज, म्हणजे धुराच्या प्रदूषणाची सरकारी मानके) इंजिनाचा. दुसरा २०१८ सालचा, बीएस-४. आणि तिसरा २०२१ मध्ये घेतलेला, बीएस-६. पिथमपूर आणि देवास येथील कारखान्यांचा माल आम्ही आग्रा-मुंबई महामार्गाने धुळे, नाशिक आणि भिवंडीपर्यंत पोहोचवतो. गाड्यांची देखभाल पूर्वी बाबा स्वतः पाहत असत. गेल्या तीन वर्षांपासून ती माझ्याकडे आली आहे. इंजिन ऑइल हा तोपर्यंत माझ्या दृष्टीने हिशेबाच्या वहीतील एक रकाना होता. देवास नाक्यावरच्या दुकानातून ड्रम यायचा, नोंद व्हायची आणि बिल चुकते व्हायचे.

फेब्रुवारीत तिसऱ्या गाडीचा देखभाल करार संपला. तोवर तिचे ऑइल अधिकृत वर्कशॉपमध्ये बदलले जात असे आणि त्यात नेमके काय घातले जाते हे आम्ही कधी विचारले नव्हते. आता ते काम आमच्याकडे आल्यावर बाबा साहजिकच म्हणाले, "अगं, गोदामात ड्रम आहे ना, त्यातलेच घाल. तिन्ही गाड्यांचा नंबर पंधरा-चाळीसच आहे." आमच्याकडे वर्षानुवर्षे काम करणारे मिस्त्री, ज्यांना सगळे उस्ताद म्हणतात, त्यांचेही मत तेच होते. मीही तसेच केले असते. परंतु त्याच आठवड्यात धुळ्याजवळून नव्या गाडीच्या चालकाचा फोन आला की गेजवर पातळी कमी दिसली म्हणून त्याने रस्त्यावरच्या दुकानातून पाच लिटरचा कॅन घेऊन ओतला आहे. मी त्याला कॅनचा फोटो पाठवायला सांगितले. समोर मोठ्या अक्षरांत १५डब्ल्यू-४० लिहिलेले होते आणि मागच्या बाजूला, अगदी बारीक अक्षरांत, सीएफ-४. या दुसऱ्या अक्षरांचा अर्थ मला सांगता येईना, म्हणून मी गाडीची पुस्तिका काढली.

पुस्तिकेच्या शेवटी द्रवपदार्थांचा एक तक्ता होता. इंजिन ऑइलच्या ओळीत तीन गोष्टी लिहिल्या होत्या: दाटीचा क्रमांक १५डब्ल्यू-४०, एपीआय या अमेरिकी संस्थेचा दर्जा सीके-४, आणि त्यापुढे इंजिन बनवणाऱ्या कंपनीचा स्वतःचा मानक क्रमांक. आम्ही इतकी वर्षे या तिन्हींपैकी फक्त पहिली गोष्ट पाहून खरेदी करत होतो.

दाटीचा क्रमांक समजायला सोपा होता. मागचा ४० हा आकडा ऑइल १०० अंश सेल्सिअसला किती दाट राहते हे सांगतो, तर १५डब्ल्यू हा थंडीत इंजिन सुरू होताना ते किती सहज फिरू देते याचा निर्देश आहे आणि त्याची चाचणी उणे २० अंशांना होते. इंदूर ते भिवंडी या मार्गावर तशी थंडी कधीच पडत नाही, त्यामुळे तो प्रश्न आमच्यापुरता मिटला. उस्तादांचा मात्र आग्रह होता की उन्हाळ्यात सेंधव्यापुढचा बिजासन घाट भरल्या गाडीने चढायचा तर जाड, म्हणजे २०डब्ल्यू-५०, ऑइल बरे. त्यांचा अनुभव मोठा आहे, म्हणून मी हा मुद्दा सोडून दिला नाही. पण इंजिनाचे तापमान थर्मोस्टॅट सांभाळतो, बाहेरच्या ४३ अंशांनी आतल्या ऑइलच्या तापमानात फारसा फरक पडत नाही, आणि निर्मात्याने बेअरिंगमधली फट व पंपाचा दाब ज्या दाटीला धरून ठरवला आहे, तिच्यापेक्षा जाड ऑइल वर पोहोचायला वेळ लावते, हे वाचल्यावर मी पुस्तिकेवरच थांबले.

एपीआय म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट. तिच्या दर्जांत सी हे अक्षर डिझेल इंजिनांसाठी असते आणि शेवटचा ४ हा आकडा चार-स्ट्रोक इंजिनाचा असतो. मधले अक्षर जसे पुढे सरकते तसा दर्जा नवा होत जातो. सीएच-४ हा १९९८ चा, सीआय-४ हा २००२ चा, सीजे-४ हा २००६ चा आणि सीके-४ हा डिसेंबर २०१६ पासूनचा. धुळ्याच्या कॅनवरचा सीएफ-४ एपीआयने केव्हाच कालबाह्य ठरवला आहे. आमच्या ड्रमवर सीआय-४ प्लस होते, म्हणजे जुन्या दोन गाड्यांसाठी पुरेसे, आणि नव्या गाडीसाठी अपुरे.

अपुरे म्हणजे नक्की कशात अपुरे, हे कळल्याशिवाय मला बाबांना काही सांगता आले नसते. दोन्ही ऑइलांची दाटी एकच, दोन्ही चांगल्या कंपन्यांची, मग फरक कुठे आहे? तो सापडला राखेत. ऑइलमध्ये आम्ल मारण्यासाठी, मळ धुण्यासाठी आणि झीज रोखण्यासाठी कॅल्शियम, मॅग्नेशियम, जस्त अशा धातूंची संयुगे मिसळलेली असतात. प्रत्येक इंजिन थोडे ऑइल जाळतेच. पिस्टनच्या रिंगांजवळून वर गेलेला तो अंश जळतो आणि या धातूंची राख धुराबरोबर बाहेर पडते. जुन्या गाड्यांत ती सायलेन्सरमधून निघून जात असे. बीएस-६ गाडीत मात्र वाटेत डीपीएफ नावाचा फिल्टर असतो, जो काजळी अडवतो आणि ठराविक अंतराने स्वतः तापून ती जाळून टाकतो. काजळी कार्बनची असल्यामुळे जळून जाते. राख जळत नाही, ती आतल्या बारीक वाटांमध्ये साचत राहते आणि फिल्टर काढून साफ करेपर्यंत तिथेच असते. म्हणूनच सीजे-४ आणि सीके-४ मध्ये सल्फेटेड राखेवर १.० टक्क्याची मर्यादा आहे, फॉस्फरसवर ०.१२ टक्क्याची आणि गंधकावर ०.४ टक्क्याची, शेवटचे दोन घटक धूर शुद्ध करणाऱ्या उत्प्रेरकांना निकामी करतात. आमच्या ड्रममधल्या ऑइलचे तांत्रिक पत्रक मी दुकानदारांकडून मागवले, तेव्हा त्यात राखेचा आकडा १.४ टक्के होता.

ते पत्रक मिळवण्यात मात्र माझे दोन दिवस गेले. दुकानात गेल्यावर प्रथम उत्तर मिळाले, "दीदी, सब एक ही है." तरीही मी तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या बादल्या शेजारी शेजारी ठेवून मागची अक्षरे वाचली आणि तेव्हा शब्दांतील फरक लक्षात आला. एकीवर लिहिले होते की हे ऑइल अमुक मानकासाठी मान्यताप्राप्त आहे. दुसरीवर ते त्या मानकाची पूर्तता करते असे होते. तिसरीवर फक्त, ते मानक जिथे सुचवले आहे तिथे वापरण्यास योग्य. पहिल्या प्रकारात निर्मात्याने ऑइल तपासून आपल्या यादीत घेतलेले असते. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात ऑइल बनवणाऱ्या कंपनीचाच शब्द असतो. एपीआयच्या बाबतीत गोल चिन्ह पाहावे लागते, ज्याच्या वरच्या अर्ध्या भागात दर्जा आणि मध्यभागी दाटीचा क्रमांक असतो. हे चिन्ह परवाना असल्याशिवाय छापता येत नाही आणि परवानाधारकांची यादी एपीआय खुली ठेवते. मी ज्या दोन उत्पादनांचा विचार करत होते त्यांपैकी एक त्या यादीत सापडले आणि दुसरे सापडले नाही, त्यामुळे निवड निम्म्यावर आली.

उरला निर्मात्याचा क्रमांक. कमिन्सचा सीईएस २००८६, व्होल्वोचा व्हीडीएस-४.५, मर्सिडीजचा २२८.३१, असे हे क्रमांक असतात. एपीआयचा दर्जा सर्वांसाठी किमान पायरी आहे. त्यावर प्रत्येक निर्माता आपल्या इंजिनावर स्वतःच्या चाचण्या घेतो. सेवा केंद्रातील सल्लागारांना मी आमच्या गाडीचा चेसिस क्रमांक दिला आणि त्यांनी तोच मानक क्रमांक सांगितला, जो पुस्तिकेत होता. धुळ्याच्या पाच लिटरबद्दलही मी त्यांना मोकळेपणाने विचारले. ते म्हणाले की वीस लिटरच्या चेंबरमध्ये एकदा पाच लिटर गेल्याने डीपीएफ बिघडणार नाही, मात्र ऑइल बदलण्याची पुढची मुदत पूर्ण होईपर्यंत थांबू नका. गाडी इंदूरला परतताच मी ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलले.

आता प्रश्न ड्रमचा होता. दोन प्रकारचे ऑइल गोदामात ठेवायचे तर रात्री अकरा वाजता कोणी चुकीच्या ड्रममध्ये पंप लावणार नाही, याची खात्री मला देता येत नव्हती. बाबांचे एकाच ड्रमचे तत्त्व त्या दृष्टीने अगदी योग्य होते. मग मी उलट विचार केला: नव्या गाडीला जुन्यांचे ऑइल चालत नाही, पण जुन्यांना नव्याचे चालेल का? एपीआयच्या नियमानुसार सीके-४ हे सीजे-४, सीआय-४ प्लस, सीआय-४ आणि सीएच-४ यांच्या जागी वापरता येते. एक अट आहे, डिझेलमध्ये गंधक दशलक्षात १५ भागांहून अधिक असेल तर बदलण्याच्या मुदतीबद्दल निर्मात्याला विचारावे. राख कमी म्हणजे आम्ल मारणारी क्षारताही साधारणपणे कमी, आणि गंधकाचे डिझेल जळाले की आम्ल अधिक तयार होते, त्यावरून ही अट आली आहे. परंतु १ एप्रिल २०२० पासून आपल्या देशभर विकले जाणारे डिझेल बीएस-६ दर्जाचे, म्हणजे १० भागांपर्यंत गंधकाचे आहे, आणि आमची २०१२ ची गाडीसुद्धा आज तेच डिझेल पिते. बीएस-४ मध्ये ही मर्यादा ५० होती. दोन्ही जुन्या गाड्यांच्या पुस्तिका मी शोधून काढल्या. दोन्हींत "किंवा त्याहून वरचा दर्जा" असे शब्द होते.

ही मांडणी मी बाबांसमोर ठेवली तेव्हा त्यांनी प्रथम लिटरमागचा भाव विचारला. फरक होता आणि तो मी लपवला नाही. वीस लिटरच्या एका बदलीत पडणारा तो फरक भिवंडीच्या एका फेरीच्या टोलपेक्षा कमी होता, आणि समोर डीपीएफ काढून साफ करण्याचा खर्च होता. बाबांनी पत्रकावरचे आकडे पुन्हा पुन्हा पाहिले आणि म्हणाले, "मग ड्रम एकच राहू दे, पण तुझा."

खरेदी करताना एका ठिकाणी मात्र मी थबकले. दुकानदारांनी सीके-४ बरोबर नव्याने आलेले म्हणून एफए-४ हे नावही सांगितले. दोन्ही दर्जे एकाच दिवशी लागू झाले असले तरी एफए-४ हे इंधन वाचवण्यासाठी मुद्दाम पातळ केलेले ऑइल आहे. अति ताप आणि घर्षण असताना त्याची दाटी २.९ ते ३.२ मिलिपास्कल-सेकंद (दाटी मोजण्याचे एकक) इतकीच राहते, तर सीके-४ ची किमान ३.५ असते, आणि ते जुन्या इंजिनांत घालायचे नसते. पुस्तिकेत ते नाव नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मार्चमध्ये तिन्ही गाड्यांत नवे ऑइल गेले. २०१२ च्या गाडीचे ऑइल पहिल्याच फेरीनंतर काळेभोर झाले आणि उस्ताद काळजीत पडले. मी त्यांना सांगितले की काजळी पकडून ऑइलमध्ये तरंगत ठेवणे हेच त्यातील एका घटकाचे काम आहे, त्यामुळे डिझेल इंजिनातले ऑइल काळे होते. ऑइल स्वच्छ दिसत राहिले आणि काजळी लायनरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, बसली तर ते अधिक वाईट. तरी त्यांचे समाधान व्हावे म्हणून बदलण्याची मुदत मी पूर्वीइतकीच ठेवली आणि मुदतीच्या शेवटी वापरलेल्या ऑइलचा नमुना ऑइल कंपनीमार्फत तपासायला पाठवला. दाटी ४० च्या मर्यादेत, क्षारता शिल्लक आणि लोखंडाचे प्रमाण सामान्य, असा अहवाल आला. तो मी उस्तादांना वाचून दाखवला आणि त्याची एक प्रत त्यांनी मागून घेतली.

तिन्ही केबिनमध्ये आता त्याच ऑइलचा पाच लिटरचा बंद कॅन असतो आणि दाराच्या आतल्या बाजूस हिंदीत चिठ्ठी चिकटवलेली आहे: दर्जा, निर्मात्याचा क्रमांक, आणि माझा फोन नंबर. मागच्या आठवड्यात मनमाडहून एका चालकाने फोन केला. कॅन संपला होता आणि तो दुकानात उभा होता. त्याने मला आधी बादलीच्या मागची अक्षरे वाचून दाखवली.