मारबत पाहायला उशीर

"पोळ्याले ये, दुसऱ्या दिवशी मारबत दाखवतो तुले," असं मावशी दरवर्षी फोनवर सांगायच्या आणि मी दरवर्षी "नक्की" म्हणायचो. (मारबत म्हणजे नागपुरात मिरवणुकीनं निघणारा, इडापिडा सोबत घेऊन जाणारा पुतळा.) यंदा गेलो. मावशी फाल्गुनातच गेल्या होत्या.

मावशी म्हणजे मित्राची आई. घर नागपूरच्या महाल भागात. पहिल्यांदा गेलो ते मे महिन्यात, नोकरीच्या मुलाखतीला. विदर्भ एक्सप्रेसमधून उतरलो तेव्हा सकाळीच फलाट तापलेला. दारात माझं नाव विचारण्याआधी मावशींनी पन्ह्याचा पेला हातात दिला आणि मुलाखतीला निघताना खिशात कांदा कोंबला, ऊन लागू नये म्हणून. (नोकरी मिळाली नाही. दोष कांद्याचा नव्हता.)

संध्याकाळी त्यांनी मला चौकातून दहा रुपयांचा सांबार आणायला सांगितला. मी बरणी मागितली! नागपुरात कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे मुंबईच्या माणसाला कोण सांगणार? पुढे कितीतरी वर्षं घरी आलेल्या प्रत्येकाला त्यांनी ही गोष्ट माझ्यादेखत ऐकवली.

पण मावशी म्हटलं की वडाभातच आठवतो. डाळी भिजवून जाडसर वाटलेले, खरपूस तळलेले वडे. ते गरम भातावर हातानं कुस्करायचे आणि वरून हिंग, मोहरी, लाल मिरचीचं कडकडीत तेल. मी चमचाभर तेलावर "पुरे" म्हणालो. मावशींनी पळीच उचलली. भातावर चर्रर्र झालं. "काहून रे, चिमणीवानी खाते? लाज नको करू बापा!" लाजेचा प्रश्न नव्हता, मला ॲसिडिटी होती. तेही सांगितलं. त्यांनी ताकाचा तांब्या शेजारी ठेवला आणि दुसरी पळी ओतली. आग्रह कसला, दमदाटीच ती. रात्रभर छातीत जळजळ, आणि सकाळी शिळा वडाभात उरलाय का म्हणून विचारणाराही मीच.

यंदा वर्षाच्या आत म्हणून घरात पोळ्याचा सण नव्हता. नातवाचा लाकडी नंदी तेवढा सजला होता. तान्हा पोळा पोरांचा, त्यांना कोण अडवणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींबरोबर इतवारीत गेलो. गल्ल्या माणसांनी फुललेल्या, गच्च्यांवर बायका. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून, आणि त्यांच्यामागे दरवर्षी नवे बडगे, म्हणजे पुतळे, महागाईचे, भ्रष्टाचाराचे, ज्याच्यावर राग असेल त्याचे. फोटोत मारबत नुसती बाहुली वाटते. समोर आली तेव्हा मान वर करून पाहावं लागलं. "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!" असा एकच गिल्ला.

वहिनी म्हणाल्या, "आई दरवर्षी इथंच उभ्या राहायच्या. सगळ्यांच्या पिडा झाल्या की शेवटी तुमची."

"माझी?"

त्यांनी पदर खोचला, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि सासूच्याच आवाजात ओरडल्या, "मुंबईच्या पोट्ट्याची ॲसिडिटी घेऊन जा गे मारबत!"