बोट ठेव, मग उत्तर दे

सीटेट, म्हणजे केंद्रीय शिक्षक पात्रता परीक्षा. तिच्या अभ्यासाचं वेळापत्रक केलं तेव्हा मराठीला मी रविवारची दुपार तेवढी दिली होती. कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली मी, शिक्षण मराठी शाळेत, दहावीला मराठी प्रथम भाषा, १२५ गुणांचा विषय. गणित आणि बालविकास घोकायचा, भाषा काय, आपलीच आहे. जुन्या प्रश्नपत्रिका सोडवायला घेतल्या आणि गणितापेक्षा मराठीतच जास्त गुण गळायला लागले.

कारण साधं आहे. दहावीत धडा ओळखीचा असतो. प्रश्न बघितला की गाइडमधलं उत्तर डोळ्यांपुढे येतं, ते उतरवायचं. सीटेटच्या पहिल्या पेपरात अडीच तासांत १५० प्रश्न. त्यात भाषा १ चे, म्हणजे माझ्या मराठीचे, ३०. १५ अध्यापनशास्त्राचे आणि १५ दोन अपठित उताऱ्यांवरचे, एक गद्य आणि एक कविता. चार पर्याय समोर, चारही दिसायला शहाणे. इथे आठवण्यासारखं काही नसतंच.

आमच्या गावात एक निवृत्त गुरुजी आहेत. संध्याकाळी देवळात आम्हा दोघी-तिघींना घेऊन बसायचे. त्यांची पद्धत एकच. उत्तर सांगितलं की म्हणायचे, ‘बोट ठेव.’ म्हणजे उताऱ्यात ज्या ओळीवरून हे उत्तर काढलं, त्या ओळीवर बोट ठेवायचं. ओळ सापडली नाही तर उत्तर बरोबर असलं तरी ते मानायचे नाहीत. सुरुवातीला वैताग यायचा. दुसरीतल्या पोरांसारखं काय बोट ठेवायचं!

एकदा त्यांनी स्वतःच उतारा लिहून आणला, महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगावर. आता खानापूरच्या पोरींपुढे हा विषय म्हणजे बघायलाच नको. उतारा पाच-सहा ओळींचा. १९६६ मध्ये आयोग नेमला गेला, १९६७ मध्ये त्याने अहवाल दिला. निपाणी, खानापूर, नंदगड धरून २६४ गावं महाराष्ट्राला आणि २४७ गावं तेव्हाच्या म्हैसूर राज्याला द्यावीत, बेळगाव शहर म्हैसूरमध्येच राहावं, अशी त्याची शिफारस. महाराष्ट्राने अहवाल फेटाळला. एवढंच. खाली विधान होतं, ‘आयोग पक्षपाती होता’, आणि पर्याय तीन: उताऱ्यानुसार बरोबर, उताऱ्यानुसार चूक, उताऱ्यावरून सांगता येत नाही.

माझी मैत्रीण तावातावाने म्हणाली, ‘बरोबर! ह्यात विचारायचं काय हाय?’

‘बोट ठेव.’

तिने ‘महाराष्ट्राने अहवाल फेटाळला’ वर ठेवलं. गुरुजी म्हणाले, ‘फेटाळला एवढं लिहिलंय. का फेटाळला ते लिहिलंय का?’

‘खरं गुरुजी, सगळ्यांना माहीत हाय की!’

‘अगं, शहाऐंशीच्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात लाठी खाल्लेला माणूस आहे मी. माझं मत विचारलंस तर चहा ठेव, रात्रभर सांगतो. इथे उतारा काय म्हणतो ते सांग.’

ती दोन दिवस गुरुजींशी धड बोलली नाही. मला मात्र त्या संध्याकाळी पेपर काढणाऱ्याची सगळी चलाखी कळली. चारांतला एक पर्याय हमखास असा असतो की तो जगात खरा असतो, फक्त उताऱ्यात नसतो. जो विषय आपल्या जिव्हाळ्याचा, तिथे आपण उतारा वाचतच नाही, स्वतःचं मत वाचतो. सीमाभागात वाढलेल्या माणसाला हे जड जातं, कारण आमच्याकडे प्रत्येक गोष्टीवर मत तयार असतं. उलट मधमाश्यांवरचा किंवा समुद्राच्या प्रवाहांवरचा उतारा बरा, माहीत काहीच नसल्यामुळे माणूस निमूट वाचतो.

मग मी आपल्या आपण एक उद्योग सुरू केला. बेळगावला क्लासला गेले की गणपत गल्लीतल्या सार्वजनिक वाचनालयात जायचं. वाचनालय १८४८ पासूनचं. घरी तरुण भारत लहानपणापासून बघत आले, पण तो बातम्या कळाव्यात म्हणून. आता एकाच घटनेची बातमी मराठी आणि कन्नड अशा दोन्ही पेपरांत शेजारी शेजारी ठेवून वाचायला लागले. दहावीला कन्नड दुसरी भाषा होती, त्याचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. त्यात २ नोव्हेंबरचे अंक म्हणजे पर्वणी. आदल्या दिवशी शहरात एकीकडे मराठी भाषकांच्या काळ्या दिनाची मूक सायकल फेरी, दुसरीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक. मी वहीत तीनच गोष्टी लिहायची: पहिल्या वाक्यात कोण आहे, गर्दीचा आकडा कोणाच्या तोंडचा आहे, आणि एका पेपरात असून दुसऱ्यात नसलेलं काय. कोण खरं कोण खोटं हे ठरवायचं नाही, असा नियमच केला होता. तो पाळणं सर्वांत अवघड गेलं. पण लेखकाचा दृष्टिकोन कोणता, सूर कोणता, असल्या प्रश्नांची भीती मोडली ती याच वहीमुळे. मजकूर कोणता निवडला आणि कोणत्या क्रमाने लावला, यातच सूर असतो.

गद्यासाठी बाकी युक्त्या किरकोळ आहेत. ‘मात्र’, ‘तथापि’, ‘तरीही’ दिसलं की पेन्सिलीने गोल करायचा, लेखकाचा मुद्दा बहुधा त्याच्या पुढे असतो. ‘नेहमी’, ‘फक्त’, ‘सर्वच’ असा जोर लावणारा पर्याय आला की संशय घ्यायचा.

कवितेचं प्रकरण वेगळं. क्लासवाले सांगतात, आधी प्रश्न वाचा, मग उतारा. गद्याला हे चालतं, मीही तेच केलं. कवितेला हे करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. प्रश्न डोक्यात घेऊन कवितेत शिरलं की ओळीओळीतून उत्तराचे तुकडे हुडकत बसतो आणि कविता हातून जाते. गुरुजींनी जुनाच उपाय दिला, अन्वय लावायचा. आधी क्रियापद शोध, मग कर्ता, मग उरलेले शब्द गद्यासारखे ओळीने मांड. त्यानंतर एकच प्रश्न, बोलतंय कोण, कोणाशी? आजीच्या जात्यावरच्या ओव्यांवर सराव केला. तिथे बहीण कधी भावाशी बोलते, कधी विठ्ठलाशी, आणि मधेच सासूला टोमणा. ऐकताना हे कधी वेगळं काढलं नव्हतं. परीक्षेत कविता दोनदा पूर्ण वाचली, मग प्रश्नांना हात घातला. गद्यात वाचवलेली मिनिटं तिथे कामी आली.

भाषा २ ला मी इंग्रजी घेतली होती. तिथे दोन्ही उतारे गद्य. रीत तीच, फक्त वेग कमी.

पास व्हायला ६० टक्के, म्हणजे १५० पैकी ९० गुण लागतात, ते मिळाले. मराठीने चांगलाच हात दिला. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे काही सोडू नका.

तयारी करणाऱ्यांना एक सांगते. बाजारातल्या काही सराव पुस्तकांतली उत्तरं डोळे झाकून मानू नका. मी एका पुस्तकातल्या उत्तरांवर बोट ठेवून बघितलं, बऱ्याच ठिकाणी उताऱ्यात ओळच सापडेना. सीबीएसईने घेतलेल्या सीटेटच्या जुन्या प्रश्नपत्रिका सीटेटच्या साइटवर फुकट मिळतात, त्या काढून आणा आणि उत्तरसूची दुसऱ्या कोणाकडे तरी ठेवायला द्या.