अडॅकवर कॅरिबूच्या मागे : धनुष्य घेऊन जाणाऱ्यांसाठी

अमेरिकेच्या अलास्का राज्यातल्या अँकरेजहून पश्चिमेकडे अल्यूशन बेटांची माळ धरून निघालं की जवळजवळ १,९०० किलोमीटरवर अडॅक लागतं. एका बाजूला बेरिंग समुद्र, दुसऱ्या बाजूला पॅसिफिक, आणि मध्ये गवताचं, ओल्या टुंड्राचं डोंगराळ बेट. झाडं नाहीत. इथे अमेरिकन सैन्याचा तळ होता तेव्हा लावलेली थोडीशी स्प्रूसची झाडं गावाजवळ दाटीवाटीने उभी आहेत, तेवढीच. २०२०च्या जनगणनेत गावात १७१ माणसं होती. अशा ठिकाणी अलास्कातले सर्वांत मोठे कॅरिबू, म्हणजे रेनडिअरच्याच जातीचं उत्तरेकडचं मोठं हरीण, मिळतात म्हणून धनुष्यवाले शिकारी मुद्दाम वाट वाकडी करून येतात. मीही त्यासाठीच गेलो. सोबत साताऱ्याहून आलेला माझा मेहुणा होता.

कॅरिबू या बेटाचे मूळचे नाहीत. १९५८ आणि १९५९ साली मुख्य भूमीवरच्या नेल्चिना कळपातली २३ पिल्लं इथे आणून सोडली. तळावरच्या सैनिकांना शिकार मिळावी आणि अडीअडचणीला मांस हाताशी असावं, हा हेतू. बेटावर लांडगा नाही, अस्वल नाही. हिवाळा ओला आणि वादळी असला तरी मुख्य भूमीसारखा कडक नाही. त्यामुळे जनावर थोराड होत गेलं. अलास्कातला पूर्ण वाढलेला नर साधारण ३५० ते ४०० पौंडांचा असतो, ७०० पौंडांपर्यंतच्या नरांच्याही नोंदी आहेत, आणि मोठ्या अंगाच्या नरांसाठी अडॅकचं नाव पहिलं घेतलं जातं. १९९७ साली तळ बंद झाला, बंदुका कमी झाल्या आणि कळप काही शेकड्यांवरून हजारांत गेला.

भारतात १९७२च्या कायद्याने शिकार बंद झाली, आणि ती बंदच राहावी असं माझं ठाम मत आहे. अडॅकचा प्रश्न निराळा आहे. माणसाने आणून सोडलेलं जनावर, त्याला खाणारं दुसरं कोणी नाही, आणि ते चरतं ते लायकेन, म्हणजे आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या जातकुळीतलं. ते एकदा खरवडून खाल्लं गेलं की परत यायला वर्षानुवर्षं लागतात. इथे शिकारी आला नाही तर बेटाचंच नुकसान आहे.

आता कागदपत्रं, कारण आपल्या लोकांची गाडी इथेच अडते. अमेरिकेबाहेर राहणारा परदेशी नागरिक अलास्कात कुठलंही मोठं जनावर परवानाधारक गाइडशिवाय मारू शकत नाही. अमेरिकन नागरिक दुसऱ्या राज्यातला असला तरी त्याला कॅरिबूसाठी गाइड लागत नाही. मेहुणा भारतीय पासपोर्टवर फिरायला आलेला, म्हणून त्याने धनुष्याला हात लावला नाही. तो ओझं वाहायला आला, आणि ते काम त्याने माझ्यापेक्षा चोख केलं. दुसऱ्या राज्यातल्या शिकाऱ्याला परवाना १६० डॉलर आणि कॅरिबूचा टॅग (मारलेल्या जनावराला लावायची खूणपट्टी) ६५० डॉलर असा २०१७ पासूनचा दर आहे, तरी निघण्याआधी चालू दर बघून घ्या. शिकारीसाठी अलास्काचे विभाग पाडलेत, त्यांतल्या युनिट १० मध्ये अडॅक येतं. नर आणि मादीचे हंगाम व मर्यादा वेगवेगळ्या असतात, त्या त्या वर्षीच्या नियमपुस्तिकेतूनच घ्या. धनुष्यशिकारीचं प्रमाणपत्र घरूनच करून न्या, बेटावर त्याची सोय नाही. कॅरिबूसाठी धनुष्याची ओढ, म्हणजे दोरी खेचायला लागणारा जोर, किमान ४० पौंड, बाण किमान २० इंच लांब आणि पात्यासकट किमान ३०० ग्रेन (साधारण १९ ग्रॅम) वजनाचा लागतो. हे झालं कायद्यापुरतं. अडॅकच्या वाऱ्यात मी याहून बराच जड बाण आणि न उघडणारं, घट्ट बसवलेलं पातं वापरतो. हलका बाण आडव्या वाऱ्यात वाहवतो.

जमिनीचे मालक दोन. दक्षिणेकडचा मोठा भाग वन्यजीव अभयारण्याचा. उत्तरेकडची गावाभोवतीची बरीच जमीन अल्यूट कॉर्पोरेशनची, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या कंपनीची, तिथे त्यांचा परवाना लागतो. तो आधी काढा.

विमान आठवड्यातून जेमतेम दोनदा, आणि धुकं-वारा असेल तर तेही नाही. त्यामुळे परतीच्या तारखेला लागून ऑफिसची मीटिंग, मुलाचं लग्न, काहीही ठेवू नका. रोजची औषधं आठवडाभर जास्तीची घ्या. कॅम्पस्टोव्हचा गॅस विमानात चालत नाही. ज्यांच्याकडे उतरणार त्यांना आधी फोन करून तो बेटावर मिळेल का ते पक्कं करा, कारण गावात दुकान नावापुरतं आणि भाव चढे.

मोठे नर बहुतेक दक्षिणेकडच्या डोंगरांत. तिकडे रस्ता नाही, अभयारण्याच्या रानात चाकाची गाडी चालत नाही, म्हणून बोटीने जाऊन एखाद्या खाडीत उतरायचं आणि तंबू ठोकायचा. तंबू चार ऋतूंचाच हवा. इथे डोंगरावरून अचानक खाली कोसळणारा वारा असतो, त्याला विलिवॉ म्हणतात. मऊ टुंड्रात खुंट्या धरत नाहीत. प्रत्येक दोरीवर दगड रचावे लागतात. सुती कपडे घरीच ठेवा, लोकर आणि कोळी लोक घालतात तसा जाड रबरी रेनकोट आणा. मांडीपर्यंतचे रबरी बूट हवेतच. अस्वल नाही म्हणून निर्धास्त झोप लागते, पण युद्धकाळात जहाजांबरोबर आलेले उंदीर आहेत. खाणं झाकणाच्या घट्ट डब्यात ठेवा आणि पाणी गाळून प्या.

एक धोका मात्र कुठल्याही शिकारीच्या पुस्तकात सापडणार नाही. जून १९४२ मध्ये जपानने याच माळेतली अट्टू आणि किस्का ही बेटं घेतली. त्याच ऑगस्टच्या शेवटी अमेरिकन सैन्य अडॅकवर उतरलं आणि थोड्याच दिवसांत खारकच्छ आटवून धावपट्टी केली. त्या सैन्याने मागे ठेवलेलं लोखंड अजून जमिनीत आहे. काटेरी तारेसाठी ठोकलेले टोकदार खुंट गुडघाभर गवतात दिसत नाहीत. उतारावरून बसत-घसरत खाली येऊ नका. गंजलेली कुठलीही वस्तू उचलू नका आणि जिथे कुंपण व पाटी आहे त्यापलीकडे जाऊ नका, तिथे न फुटलेला दारूगोळा असू शकतो.

शिकारीबद्दल. लोक म्हणतात, झाड नाही, आडोसा नाही, धनुष्याने कसं जमणार? जमतं ते वाऱ्यामुळेच. एका दिशेने जोरात वाहणारा वारा आपला वासही एकाच दिशेला नेतो आणि कपड्यांची सळसळ गिळून टाकतो. कमी वाऱ्याच्या दिवशी घळीत वारा गोल फिरतो, तेव्हा मात्र गपचूप दुर्बीण लावून बसावं. जमीनही दिसते तशी सपाट नाही. ओढ्यांनी कापलेल्या घळी सगळीकडे आहेत, त्यांतून वाकून-रांगून बरंच जवळ जाता येतं.

आम्ही ज्या नराच्या मागे होतो तो इतर काही नरांबरोबर ओढ्याच्या वरच्या काठावर चरत होता. आम्ही खालून घळीत. पाऊस आडवा येत होता. मेहुणा मागून हळूच म्हणाला, "दाजी, वारा अजून तोंडावरच आहे, चला." मी त्याला तिथेच थांबायला सांगितलं आणि काठाच्या गवतापर्यंत कोपरांवर सरकलो. मग कानावर टक्-टक् असा आवाज आला. कॅरिबू चालताना त्यांच्या पायांतले स्नायुबंध असे वाजतात. त्या वाऱ्यात तो आवाज ऐकू येतो म्हणजे जनावर हाताच्या अंतरावर आहे. नराने मान खाली घातली, पुढचा पाय पुढे टाकला, बरगडी मोकळी झाली. तीस यार्डांच्या आत. मी पूर्ण ओढ घेतली आणि खांद्यामागे बाण सोडला. तो थोडा पळाला, उभा राहिला, आणि मग मागच्या पायांवर बसल्यासारखा खाली गेला.

बाण सोडल्यावर जागचं हलू नका. पाऊस रक्त धुऊन टाकतो, मागावर भरवसा नाही, पण झाडं नसल्यामुळे जनावर नजरेत राहतं. दुर्बीण डोळ्याला लावून ठेवा आणि अर्धा तास तरी थांबा.

खरं काम यापुढे सुरू होतं. एवढ्या नराचं मांस म्हणजे दोन माणसांना ओल्या, पाय रुतवणाऱ्या टुंड्रातून अनेक फेऱ्या. अलास्काचा कायदा खाण्याजोगं सगळं मांस आणायला लावतो, फऱ्यांबरोबर मानेचं आणि बरगड्यांचंही. मांस जागेवरून हलल्याशिवाय शिंगं न्यायची नाहीत. हा नियम मला मनापासून पटतो. म्हणून माझा सल्ला एवढाच : बाण सोडण्याआधी मागे वळून खाडी किती दूर आहे ते बघा. दोन डोंगर ओलांडून उभा असलेला नर कितीही देखणा असो, तो तुमचा नाही. आम्ही असा एक नर सोडला, आणि तो आज भिंतीवर नाही याचं मला जराही वाईट वाटत नाही.

आधी पोट न फाडता एकेक बाजू सोलून मांस काढा, सुती पिशव्यांत भरा, दगडांवर वारा लागेल असं ठेवा आणि वर ताडपत्री ताणा. ताडपत्री मांसाला चिकटू देऊ नका, नाहीतर आत घाम धरतो. गरुड आणि कावळे टपून असतात, शेवटी काळीज-हृदयासाठी पोट उघडलं की आतड्यांचा ढीग त्यांना दिसेल असा वेगळा, लांब टाका. काळीज आणि हृदय त्याच रात्री खाल्लं. मेहुण्याने साताऱ्याचा कांदा-लसूण मसाला आणला होता.

काळ निवडताना मांसाचा विचार आधी करा. ऑगस्टच्या अखेरपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत नर चरबीने भरलेले असतात आणि शिंगांवरची मखमल, म्हणजे वाढत्या शिंगांवरची मऊ कातडी, उतरत असते. सप्टेंबरच्या शेवटी माज सुरू झाला की मोठ्या नराच्या मांसाला उग्र वास येतो. शिंगांपुरतं येणार असाल तर गोष्ट वेगळी, पण मग एवढं मांस वाहायचं कशाला? मादीचं मांस केव्हाही चांगलं, आणि कळप कमी करायला मादी घेणं जास्त उपयोगी.

परत येताना मांस हाड काढून, ५० पौंडांच्या आत बसेल अशा, मेण लावलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरा. गावात फ्रीझरची जागा मिळेल का हे बोटीचं बोलताना विचारून ठेवा, विमान लांबलं तर त्याचीच गरज पडते. शिंगांची टोकं रबरी नळीच्या तुकड्यांनी झाका, नाहीतर काउंटरवर घेत नाहीत.